बेलपाडा : नामाचा अर्थ आणि अर्थाचे ऋण

कोणत्याही स्थळाची यात्रेकरूस पहिली ओळख होते ती त्याच्या नावाने. घरून निघताना ते नाव घ्यावे लागते, वाट विचारताना ते पुनःपुन्हा उच्चारावे लागते, आणि त्यामुळे प्रत्यक्ष स्थळी पाऊल पडण्यापूर्वीच त्या नावाचा एक लहानसा जप घडून गेलेला असतो. परंतु जे नाव मुखाने घेतले, त्याचा अर्थ मनाने जाणला काय, हा प्रश्न सहसा कोणी स्वतःस विचारीत नाही. पनवेल तालुक्यातील, खारघर व बेलापूर यांच्या दरम्यान वसलेल्या बेलपाडा या गावाचे नाव हा प्रश्न विचारण्यास फार अनुकूल आहे. हे नाव लहान आहे, सुबोध आहे, आणि त्याच्या पहिल्याच अक्षरापाशी शिवपूजेतील परमपवित्र वृक्ष उभा आहे.

नावाची फोड

बेलपाडा हा सामासिक शब्द आहे. ‘पाडा’ म्हणजे लहान वस्ती, मोठ्या गावापासून किंचित दूर असलेला घरांचा पुंजका. संस्कृत कोशांत ‘पाटक’ हा शब्द गावाचा एक भाग या अर्थाने येतो. त्याच शब्दाची वंशपरंपरा मराठीत ‘पाडा’ आणि बंगालीत मोहल्ला या अर्थाच्या ‘पाडा’ या शब्दात चालत आली आहे. ठाणे, पालघर व रायगड या जिल्ह्यांत पाड्यांची संख्या मोठी आहे. पाड्याला वेस नसते, तट नसतो, बाजारपेठही बहुधा नसते. तेथील माणसे आपली वस्ती ओळखतात ती जवळच्या देवतेवरून, ओढ्यावरून किंवा दारातल्या झाडावरून. तळोजे परिसरातील देवीचा पाडा, खारघरच्या डोंगरावरील चाफेवाडी व फणसवाडी, सुधागड तालुक्यातील जांभूळपाडा ही याच रीतीची नावे होत. चिंचवड, वडगाव, पिंपळगाव, बाभळगाव अशी नावे तर महाराष्ट्रात ठिकठिकाणी आढळतात. झाडाच्या सावलीत वस्ती झाली आणि त्या झाडानेच वस्तीला नाव दिले, असा हा साधा व्यवहार आहे.

व्याकरणदृष्ट्या बेलपाडा या समासाचा विग्रह दोन प्रकारे संभवतो. ‘बेलांचा पाडा’ असे म्हटल्यास तो षष्ठी तत्पुरुष होतो. ‘बेलाची झाडे असलेला पाडा’ असे म्हटल्यास, पुरणपोळीप्रमाणे, तो मध्यमपदलोपी होतो. बेल आणि पाडा या दोन पदांना जोडणारी मधली पदे बोलण्याच्या ओघात गळून गेली, असा याचा अर्थ. नाव ठेवणाऱ्यांना ती पदे बोलून दाखविण्याची गरज नव्हती, कारण ती झाडे त्यांच्या डोळ्यांसमोर होती. शेजारच्या बेलापूरचे नाव लक्षात घेता ‘बेलापूरनजीकचा पाडा’ असा तिसरा अर्थही कानास जाणवतो. एका चार अक्षरी नावात असे तीन अर्थ सुखाने नांदतात.

एक वृक्ष, अनेक नावे

बेल हा लिंबाच्या कुळातील वृक्ष. संस्कृत ‘बिल्व’ या शब्दावरून मराठीतील ‘बेल’ आला. अमरकोशात या वृक्षाला बिल्वाखेरीज शांडिल्य, शैलूष, मालूर आणि श्रीफल अशी नावे दिली आहेत. यांपैकी शेवटचे नाव वाचून आजचा भाविक क्षणभर थबकेल, कारण देवापुढे ‘श्रीफळ’ ठेवा म्हटले की महाराष्ट्रात नारळच ठेवला जातो. अमरसिंहाच्या काळी श्रीफल म्हणजे बेलफळ होते. पुढे ते नाव नारळाकडे गेले. नाव तेच राहिले, वस्तू बदलली, आणि पूजा मात्र अखंड चालू राहिली. श्रीसूक्तातही बिल्व हा लक्ष्मीचा, तिच्या तपातून उत्पन्न झालेला वृक्ष म्हणून येतो. म्हणजे ज्या झाडाला आज सर्वजण केवळ शंकराचे झाड मानतात, त्याचे नाते श्री म्हणजे लक्ष्मीशीही तितकेच जुने आहे.

बेलाच्या त्रिदलाचेही असेच. कोणी त्यात शंकराचे तीन नेत्र पाहतात, कोणी सत्त्व, रज व तम हे तीन गुण, तर कोणी तीन जन्मांच्या पापांचे निवारण. यांपैकी एक अर्थ स्वीकारल्याने दुसरा खोटा ठरत नाही. तीन पाने एकाच देठाला असतात, तसे हे अर्थही एकाच श्रद्धेला धरून आहेत.

मराठी समाजजीवनात बेलाला आणखी एक गंभीर अर्थ प्राप्त झाला आहे. बेलाची पाने आणि खंडोबाचा भंडारा हाती घेऊन शपथ वाहणे, म्हणजे ‘बेलभंडार उचलणे’. मराठेशाहीत करारमदार असो, गावातील तंटा असो वा परस्परांतील इमान असो, बेलभंडार उचलून दिलेला शब्द फिरविणे हे महापाप मानले जाई. अशा रीतीने बेल हे केवळ पूजेचे पान न राहता दिलेल्या वचनाचे प्रतीक झाले.

नवसाची आख्यायिका

शेजारच्या बेलापूरच्या किल्ल्याविषयी एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. हा परिसर पूर्वी सिद्दी व पोर्तुगीज यांच्या ताब्यात होता आणि शहाबाज या नावाने ओळखला जात असे. शहाबाज हे गाव आजही बेलापुरात आहे. इसवी सनाच्या अठराव्या शतकात चिमाजी अप्पांनी हा किल्ला पोर्तुगिजांकडून घेण्याचे योजिले, तेव्हा यश आल्यास जवळच्या अमृतेश्वरास बेलपत्रांची माळ अर्पण करीन, असा नवस त्यांनी केला. किल्ला हाती आला, नवस फेडला गेला आणि किल्ल्यास बेलापूर हे नाव मिळाले, असे सांगितले जाते.

इतिहासाची कसोटी लावणारा जिज्ञासू येथे विचारील की, हे नाव नवसावरून पडले की आधीपासूनच्या झाडांवरून? प्रश्न योग्य आहे. परंतु माळेला पाने लागतात, आणि पानांना झाड लागते. नवसाची कथा सांगणारा मनुष्यही नकळत हेच सांगत असतो की या खाडीकाठच्या भूमीत बेलाची पाने हाताशी होती. झाडाचा अर्थ निसर्गाने दिला, नवसाचा अर्थ माणसाने दिला. पहिल्यात सावली आहे, दुसऱ्यात शब्द पाळण्याची निष्ठा आहे.

खरा अर्थ कोणता?

नावाचा ‘मूळ’ अर्थ तोच ‘खरा’ अर्थ, असे मानण्याकडे आजच्या शिक्षित मनाचा कल असतो. आपल्या शास्त्रकारांनी हा प्रश्न अधिक सूक्ष्मपणे हाताळला आहे. यास्काचार्यांच्या निरुक्तात शाकटायन आणि गार्ग्य यांचा वाद येतो. सर्व नामे धातूंपासून झाली आहेत, असे शाकटायनाचे मत. तर सर्वच नामांना हे लागू होत नाही, कारण तसे असते तर ते कर्म करणाऱ्या प्रत्येकास तेच नाव मिळाले असते, असा गार्ग्याचा आक्षेप. पुढील शास्त्रकारांनी शब्दांचे यौगिक, रूढ आणि योगरूढ असे भेद सांगितले. ज्याचा अर्थ अवयवांवरून कळतो तो यौगिक, केवळ लोकव्यवहाराने ठरतो तो रूढ. ‘पंकज’ हा योगरूढ. चिखलात जन्मणारे पुष्कळ काही असते, पण पंकज म्हटले की कमळच समजावयाचे.

ग्रामनामे बहुधा योगरूढ असतात. बेलाची झाडे असलेले पाडे अनेक असू शकतील, परंतु येथील माणसाने ‘बेलपाडा’ म्हटले की हेच गाव. येथील बेल उद्या नाहीसे झाले तरी नाव टिकेल, हे रूढीचे सामर्थ्य. परंतु मग त्या नावाला विचारता येईल की तुझ्यातला बेल कोठे आहे? ही योगाची, म्हणजे अवयवार्थाची, न मिटणारी हाक.

एका नावाचे अनेक अर्थ एकाच वेळी सत्य असू शकतात, याचे सर्वोत्तम उदाहरण वाराणसी हे होय. वरणा आणि असी या दोन प्रवाहांमधील नगरी, हा त्या नावाचा भौगोलिक अर्थ सर्वश्रुत आहे. जाबालोपनिषदात मात्र वरणा म्हणजे इंद्रियांच्या दोषांचे वारण करणारी व नासी म्हणजे इंद्रियकृत पापांचा नाश करणारी असा अर्थ सांगून, भ्रुकुटी व नासिका यांच्या संधीस ते स्थान दाखविले आहे. नकाशातील काशी आणि अंतरातील काशी यांत येथे भांडण नाही. पाय पहिल्या काशीकडे जातात, चित्त दुसरीकडे जावे, एवढीच अपेक्षा.

अर्थ न जाणता घेतलेले नाव

तथापि एक अडचण उरते. ज्याला यातील कोणताच अर्थ ठाऊक नाही, त्याने घेतलेले नाव व्यर्थ काय? अर्थ न जाणता वेद पाठ करणारा मनुष्य ओझे वाहणाऱ्या खांबासारखा आहे, असा कठोर अभिप्राय निरुक्तात आढळतो. उलट पुराणे नकळत घडलेल्या पूजेचेही फल सांगतात.

महाशिवरात्रीच्या कथेतील व्याध बेलाच्या झाडावर शिकारीसाठी बसला होता. त्याच्या हातून पाने गळत होती, खाली शिवलिंग होते, आणि त्याला त्याची वार्ताही नव्हती. अजामिळाने अंतकाळी हाक मारली ती आपल्या मुलाला; मुलाचे नाव नारायण होते. या दोन्ही कथांवरून असे समजले जाते की अजाणता केलेले कर्मही पुरेसे आहे. परंतु कथा तेथे संपत नाहीत. परत येण्याचे वचन देऊन गेलेली हरिणे खरोखर परत आली, तेव्हा त्या व्याधाने धनुष्य खाली ठेवले. अजामिळाची सुटका झाल्यावर तो पूर्वीच्या आयुष्यात परतला नाही. भागवतात सांगितल्याप्रमाणे तो गंगाद्वारी जाऊन साधनेत रमला. अजाणतेपणाला क्षमा आहे, पण ती जाणीव होईपर्यंत. जाणीव झाल्यावर आचरण बदलणे, हेच त्या पूजेचे खरे फल.

नावाचेही असेच आहे. पिढ्यानुपिढ्या असंख्य माणसांनी अर्थाचा विचार न करता ‘बेलपाडा’ म्हटले, म्हणूनच हे नाव आजच्या पिढीपर्यंत पोहोचले. त्यांचे ते उच्चारण व्यर्थ नव्हते. मात्र ज्याला अर्थ कळला, त्याच्यावर त्या अर्थाचे ऋण चढते.

हे ऋण कशाचे?

१९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे व तत्कालीन कुलाबा जिल्ह्यांतील ९५ गावांच्या भूमीवर नवी मुंबईची आखणी सुरू झाली. कुलाबा जिल्ह्याचेच नाव १९८१ साली रायगड झाले. भातखाचरांच्या, मिठागरांच्या आणि खाजणांच्या जागी सेक्टर आले, आणि सेक्टरांना क्रमांक मिळाले. क्रमांकाने पत्ता अचूक सापडतो, ही त्याची मोठी सोय आहे. परंतु क्रमांकाला झाड नसते, देवता नसते, आणि शपथही नसते. ज्या आगरी-कोळी कुटुंबांची शेते या नगरीच्या पायाखाली गेली, त्यांच्या पूर्वजांनी पाहिलेले निसर्गरूप आज बऱ्याच अंशी नावांतच शिल्लक आहे. १७ नोव्हेंबर २०२३ रोजी बेलापूर ते पेंधर ही मेट्रो सुरू झाली आणि तिच्या ११ स्थानकांपैकी एकास बेलपाडा हे नाव मिळाले. पेठपाडा हे नावही त्याच मार्गावर आहे. दररोज हजारो प्रवासी ही नावे ऐकतात. त्यांतील एखादे बालक बेल म्हणजे शाळेची घंटा असेच समजत असेल, तर त्याला हसू नये; त्याला बेलाचे झाड दाखवावे.

बेलपत्राविषयी शास्त्राने एक सुंदर सवलत दिली आहे. इतर पुष्पे शिळी झाली की निर्माल्य होतात. बेलाचे पान मात्र धुऊन पुन्हा वाहता येते. ते शिळे होत नाही. नावही शिळे होत नाही. ते कितीही मुखांतून गेलेले असले तरी जाणिवेच्या पाण्याने धुतले की पुन्हा अर्पण करण्याजोगे होते.

म्हणून भाविकांनी या परिसरात येताना काही गोष्टी मनात धराव्यात. गावाचे नाव शुद्ध उच्चारावे आणि ज्या जुन्या रहिवाशांनी ते जपले त्यांच्याविषयी आदर बाळगावा. पूजेसाठी बेल ओरबाडू नये. फांद्या मोडून वाहिलेल्या लक्ष बेलांपेक्षा झाड राखून वाहिलेले एक त्रिदल श्रेष्ठ. शक्य असेल त्याने आपल्या अंगणात, सोसायटीच्या आवारात वा मंदिराच्या परिसरात बेलाचे एक रोप लावावे आणि पहिली काही वर्षे त्याला पाणी घालावे. आणि नावाचा अमुकच अर्थ खरा म्हणून कोणाशी वाद मांडू नये.

समासातील मधले पद बोलण्यातून लोपले तर व्याकरण त्याचा दोष मानीत नाही. मात्र बेल आणि पाडा यांना जोडणारे झाड भूमीवरून लोपले, तर तो दोष माणसाचा ठरतो. तो दोष दूर करणे आजही माणसाच्या हाती आहे.

॥ शुभं भवतु ॥