सुभक्तीचे रहस्य आणि ते सांगण्याची रीत

संतसज्जनहो, ज्याला देवाची गोडी लागली त्याने ती दुसऱ्याला सांगावी काय, आणि सांगावी तर कशी? टाळकऱ्यांपुढे उभे राहणाऱ्याला हा प्रश्न टाळता येत नाही. न सांगावे तर तो कृपणपणा, आणि मागे लागून सांगावे तर ती जबरदस्ती. पेण-रोह्याच्या मुलुखात या प्रश्नाचे धडे फार पूर्वीच घडून गेले आहेत. म्हणून आज थोडे परक्या दारचे बोलू. शेवटी यायचे आहे आपल्याच दारी.

ख्रिस्ती लोकांच्या नव्या करारात तीमथ्य नावाच्या शिष्याला लिहिलेले पौलाचे पत्र आहे. त्यात ‘सुभक्तीचे रहस्य’ असा शब्द आला आहे. रहस्य म्हटले की आपल्याला कानात सांगायचा मंत्र आठवतो. येथे तसे नाही. जे फार काळ झाकलेले होते आणि आता उघड झाले, ते रहस्य. देव देहात आला, हे त्याचे पहिले अंग. तो वैभवात गेला, हे शेवटचे. पण मध्ये एक मोठी विचार करण्यासारखी गोष्ट आहे. ही वार्ता परक्या लोकांत सांगितली गेली आणि लोकांनी ती मानली, हेही त्या रहस्यातच गणले आहे! म्हणजे सांगणे हे त्यांच्या मते रहस्याला मागून जोडलेले काम नव्हे. ते रहस्याचेच अंग आहे.

निराकार आकाराला आला हे ऐकून वारकऱ्याला नवल वाटणार नाही. पुंडलिकासाठी विटेवर उभा राहिलेला आपला देव आहे. पण भेद आहे, आणि तो पुसू नये. त्यांच्या श्रद्धेत ही घटना एकदाच घडली. घडलेली वार्ता ज्याला कळली त्याने ती धावत जाऊन सांगितलीच पाहिजे, असा तो धर्म. आपल्याकडे भगवंत पुनःपुन्हा येतो आणि प्रत्येकाच्या अंतरी आधीच बसलेला आहे. म्हणून त्यांच्या सांगण्यात निकड असते, आपल्यात ती तशी नसते. निकडीला जबरदस्तीचे भय, आणि निवांतपणाला आळसाचे. दोघांनीही आपापले भय ओळखावे.

आता पेण-रोह्याकडे वळू. या भागात बेने इस्राएल लोक पिढ्यान्‌पिढ्या राहिले. तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून गावाने त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटले. पेणकर, रोहेकर, अष्टमकर ही त्यांची आडनावे आजही गावांची आठवण देतात. एकोणिसाव्या शतकात अमेरिकन आणि स्कॉटिश मिशनरी त्यांच्यात शिकवू लागले. १८२९ साली मुंबईस आलेले जॉन विल्सन यांनी १८३२ साली हिब्रू भाषेचे व्याकरण मराठीतून रचले. हे लोक ख्रिस्ती होतील ही आशा त्यामागे होती. झाले काय? फारच थोडे झाले. बाकीच्यांनी ते ज्ञान घेतले, आपला जुना ग्रंथ वाचला आणि आपल्याच धर्मात अधिक घट्ट उभे राहिले. पुढे १८८० च्या सुमारास त्यांनी मुंबईत कीर्तने सुरू केली. घाट आपल्या हरिदासांचा, भाषा मराठी, आणि आख्यान अब्राहामाचे, योसेफाचे, मोशेचे! व्याकरण एकाने दिले, कीर्तन दुसऱ्याने. देव मात्र त्यांचा त्यांनीच राखला. देणारा देतो, पण काय उगवेल हे त्याच्या हाती नसते. विल्सनसाहेबांचे श्रम वाया गेले असे कोणी म्हणेल. मी म्हणणार नाही.

दुसरे उदाहरण कोकणातच जन्मलेल्या नारायण वामन टिळकांचे. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ख्रिस्ती झाले, पण अभंग सुटला नाही, कीर्तन सुटले नाही. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्ताकडे आलो असे ते मानीत. पण त्या निर्णयाने घर दुभंगले. लक्ष्मीबाई काही वर्षे दूर राहिल्या. नंतर एकत्र आल्या तरी आधी आपले सोवळे सांभाळून राहिल्या, आणि पुढे आपल्या विचाराने त्या वाटेला लागल्या. ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला कळते की श्रद्धेची किंमत घरातल्या माणसालाही मोजावी लागते. आपल्यातला एक गेला म्हणून हळहळणारे पुष्कळ. जातिभेदाने त्यांचे मन का विटले, हे विचारणारे किती?

येथे कोणी शंका घेईल, ‘मग सांगूच नये हे बरे!’ अहो, तसे असते तर माउलींनी १२९० साली गीतेचे गुह्य मराठीत का उघडले असते? पण गीतेचाच शेवट पाहा. अठराव्या अध्यायात भगवंत गुह्याहून गुह्य ज्ञान सांगतो, आणि म्हणतो काय, तर याचा नीट विचार कर आणि तुला वाटेल तसे कर. प्रत्यक्ष देवाने जिथे हात सोडला, तिथे आपण कोणाचे मनगट धरणारे? ज्याला ऐकायचेच नाही त्याला सांगू नको, असेही तोच बजावतो. आणि भक्तांना हे सांगणारा मला सर्वांत प्रिय, असेही तोच म्हणतो.

पेणच्या गणपतीच्या कारखान्यात जा. कारागीर माती कालवतो, रंग देतो, डोळे आखतो. पण मूर्ती त्याच्या हातून जाते तेव्हा माती असते. प्राणप्रतिष्ठा नेणाऱ्याच्या घरी होते. धर्म सांगणाऱ्याचे काम एवढेच. आकार नेटका द्यावा, डोळे खरे आखावेत आणि मूर्ती हवाली करावी.

आणि हात स्वच्छ असावेत. पौलाच्या त्याच पत्रात, रहस्याच्या आधीच, मंडळीची सेवा करणारा द्रव्यलोभी नसावा, त्याने घर नीट चालवावे, अशी लक्षणे दिली आहेत. आमच्या संतांनीही हरिकथेचे मोल घेऊ नये ही मर्यादा घातली. धान्य, औषध, नोकरी यांच्या आमिषाने कोणी धर्म देऊ लागला तर आपण चिडतो, ते योग्यच. पण बिदागी ठरल्यावाचून घराबाहेर न पडणाऱ्या कीर्तनकाराने तेथे बोलावे काय?

आता आपले दार. पेण तालुक्यातल्या गागोद्यात १८९५ साली विनोबा जन्मले. गीताई लिहिणाऱ्या या पुरुषाने नवा करारही मनापासून अभ्यासला आणि त्यातली वचने निवडून ‘ख्रिस्तधर्मसार’ सिद्ध केले. त्यासाठी धर्म बदलावा लागला नाही. १९५३ साली वैद्यनाथधामला हरिजनांसह दर्शनाला गेले असता त्यांना मार खावा लागला. पण १९५८ साली पंढरपुरी दार उघडले, आणि मुसलमान व ख्रिस्ती सहकाऱ्यांना घेऊन ते पांडुरंगापुढे उभे राहिले. कोणी कोणाला बाटविले नाही. देव दाखविला, एवढेच.

तात्पर्य, रहस्य कडीकुलपात ठेवण्यासाठी नसते आणि कोणाच्या गळी उतरविण्यासाठीही नसते. प्रसाद तळहातावर ठेवावा. घेईल तो घेईल, न घेईल त्यालाही नमस्कार करावा. आत बसलेला तोच आहे. रामकृष्णहरि.