वाचलेले पाणी कोणाचे?



शाळेचे विज्ञान प्रदर्शन असो की युवकांचे संमेलन, अलीकडे तेथे एक प्रकल्प हमखास पाहावयास मिळतो. पांढऱ्या पीव्हीसी पाइपला ओळीने भोके पाडलेली असतात. त्यांत जाळीचे लहान कप, कपात नारळाचा भुसा आणि वर पालक किंवा कोथिंबिरीची टवटवीत रोपे. खाली बादलीत खते विरघळवलेले पाणी असते. छोटा पंप ते वर चढवतो, ते मुळांना भिजवत पुन्हा बादलीत येते. शेजारी उभी असलेली मुले पाठ केलेले सांगतात, “सर, माती लागत नाही. पाणी नव्वद टक्के कमी लागते.” यालाच हायड्रोपोनिक्स म्हणजे मातीविना शेती म्हणतात.

आपण कौतुकाने मान डोलावतो आणि पुढच्या टेबलाकडे वळतो. परंतु मुलांच्या त्या एका वाक्यात एक मोठा प्रश्न दडलेला आहे. पाणी वाचले, हे ठीक. पण वाचलेले पाणी कोणाचे?

आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न नुसता पुस्तकी नाही. २०२४ साली जिल्ह्याचे नाव अहमदनगरचे अहिल्यानगर झाले, पण पर्जन्यछायेचा प्रदेश काही बदलला नाही. एकीकडे प्रवरेच्या कालव्यांखाली उभा ऊस, तर दुसरीकडे टँकरची वाट पाहणाऱ्या वाड्यावस्त्या, असे चित्र आपण वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. १९९३ पासून भरत असलेल्या राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेत मुलांनी आपल्या परिसरातील प्रश्न घेऊन त्याचा अभ्यास करावा, अशी अपेक्षा असते. मग आपल्या परिसरातील पाण्याचा प्रश्न नेमका कोणता? पाणी कमी आहे हा, की आहे ते सर्वांपर्यंत पोहोचत नाही हा?

प्रथम मुलांच्या दाव्याचा विचार करू. तो खोटा नाही. उघड्या शेतात दिलेल्या पाण्यापैकी काही वाफ होऊन जाते, काही खाली मुरते. पाइपमधले पाणी फिरून फिरून वापरले जाते, म्हणून बचत होते. अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातील लेट्यूस या पालेभाजीबाबत २०१५ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. शेतात एका किलोला सुमारे २५० लिटर पाणी लागत होते, तर मातीविना पद्धतीत केवळ २० लिटरचा अंदाज निघाला. परंतु त्याच अभ्यासात असेही दिसले, की काचगृह थंड-गरम ठेवणे, दिवे आणि पंप यांमुळे ऊर्जा सुमारे ८२ पट जास्त लागत होती. म्हणजे एका खात्यात जमा झाली, ती दुसऱ्या खात्यावर उधार टाकून.

दुसरे उदाहरण आपल्या गोठ्याचे घेऊ. दुष्काळी वर्षांत महाराष्ट्रातील अनेक शेतकऱ्यांनी ट्रेमध्ये मक्याचे दाणे रुजवून आठवडाभरात हिरवा चारा तयार केला. एक किलो मक्यापासून पाच-सहा किलो चारा मिळतो, असे सांगितले जाते. वजन खरेच वाढते, परंतु ती वाढ मुख्यतः पाण्याची असते. वाळवून तोलले तर कोरडा अंश मूळ दाण्यांपेक्षा थोडा कमीच भरतो. याचा अर्थ तो चारा निरुपयोगी आहे असा नव्हे. गाय तो आवडीने खाते आणि हिरवे काहीच नसते तेव्हा त्याचा आधार होतो. पण तक्त्यावर फक्त ‘सहापट’ असे लिहिणारा विद्यार्थी अर्धेच सत्य सांगतो. मोजमापातील प्रामाणिकपणा ही विज्ञानातील पहिली नीती होय. बक्षिसासाठी अर्धा आकडा झाकण्याची सवय शाळेत लागली, तर पुढे ती ग्रामपंचायतीच्या आणि सोसायटीच्या हिशेबातही शिरते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. समजा, बचत पूर्णपणे खरी आहे. एका शेतकऱ्याने ठिबक बसवले आणि निम्मे पाणी वाचले. त्या वाचलेल्या पाण्याचे तो काय करील? बहुधा आणखी एक एकर भिजवील, किंवा बाजरीच्या जागी ऊस लावील. विहिरीतून उपसा पूर्वीइतकाच, कदाचित जास्तही. इंग्रज अर्थशास्त्रज्ञ विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स याने १८६५ साली कोळशाविषयी हेच दाखवून दिले होते. इंजिने कमी कोळशात चालू लागली तसा देशातील कोळशाचा खप घटला नाही, उलट वाढला. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या सिंचनविषयक अहवालातही असाच इशारा आहे. उपशावर मर्यादा घातली नाही, तर आधुनिक सिंचनाने एकूण वापर कमी होईलच असे नाही. यंत्र पाणी वाचवते, पण ते कोणाला द्यायचे हे यंत्राला ठाऊक नसते. ते माणसांनीच ठरवायचे असते.

हे ठरवणे किती अवघड असते, हे आपल्या जिल्ह्याने पाहिले आहे. स्वित्झर्लंडहून आलेले येशूसंघीय धर्मगुरू फादर हर्मन बाखर यांनी या जिल्ह्यात दीर्घकाळ काम केले. २०२१ साली त्यांचे निधन झाले. १९९० च्या दशकात भारत-जर्मन पाणलोट कार्यक्रम उभा राहिला, त्यामागे त्यांची प्रेरणा होती. त्याचे सूत्र होते ‘माथा ते पायथा’. आधी डोंगरमाथ्यावर चर खणायचे, झाडे लावायची आणि मग खाली उतरत बांध घालायचे. गावाने श्रमदान करायचे, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळायची.

या कामाने अनेक शिवारे हिरवी झाली, यात शंका नाही. पण त्यात एक पेच होता. माथ्यावरची जमीन बहुधा गरिबाची, मुरमाड. पायथ्याची जमीन काळी, आणि विहिरीही तिथेच. माथ्यावर अडवलेले पाणी मुरत मुरत पायथ्याच्या विहिरीत उतरते. चराईबंदीने मेंढपाळाचे कुरण बंद होते, आणि भूमिहीनाला तर विहीरच नसते. म्हणजे घाम एकाचा आणि पाणी दुसऱ्याचे, असे होऊ शकते. पाणी वाचवण्याचे काम जेथे यशस्वी होते, तेथेच न्यायाचा प्रश्न सर्वांत धारदार होतो.

याचे उत्तर शोधणारी माणसेही महाराष्ट्रात होऊन गेली. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत सुरू केली. तिचा नियम साधा, पण क्रांतिकारक होता. पाणी जमिनीच्या एकरांवर नव्हे, तर घरातील माणसांच्या संख्येवर वाटायचे. माणशी अर्धा एकर आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर भिजेल एवढेच. भूमिहीनालाही वाटा, आणि या पाण्यावर ऊस मात्र कोणी घ्यायचा नाही.

आपल्या जिल्ह्यातील हिवरे बाजार तर जवळच आहे. १९८९ साली पोपटराव पवार तेथे सरपंच झाले. त्या गावी दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. आधी माणसांचे व जनावरांचे पिण्याचे पाणी राखायचे, मग उरेल त्यावर पिके ठरवायची. उसासारखे तहानलेले पीक टाळायचे आणि शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही, असे गावाने ठरवून घेतले. हिवरे बाजारचे खरे तंत्रज्ञान बंधाऱ्यांत नाही, ग्रामसभेत आहे.

येथे कोणी म्हणेल, “ठिबकचे पैसे मी भरले, कर्ज मी काढले. मग वाचलेले पाणी माझे का नाही?” हा आक्षेप रास्त आहे. बचत करणाऱ्याला काहीच मिळाले नाही, तर उद्या कोण बचत करील? त्याच्या कष्टाचा मोबदला त्याला मिळालाच पाहिजे. पण आपले कष्ट आपले असले, तरी पाऊस आपला नसतो. आपल्या बांधाची रेघ जमिनीच्या पोटातील पाण्याला दिसत नाही. आपण उपसतो तेव्हा शेजाऱ्याची विहीरही खाली जाते. म्हणून वाचलेल्या पाण्यावर बचत करणाऱ्याचा हक्क आहे, पण एकट्याचा नाही. रानातील मान्नाची गोष्ट आपण जाणतोच. प्रत्येकाने गरजेपुरते गोळा करावे, असे सांगितले होते. उद्यासाठी साठवणाऱ्यांच्या भांड्यात किडे पडले.

आणि हा न्याय आपल्यालाही लागू आहे. गावात पायथ्याच्या माणसाला वाट्याची आठवण करून देणारे आपण, गोदावरीच्या खोऱ्यात स्वतः माथ्यावर बसलो आहोत. आपल्या धरणांचे पाणी खाली जायकवाडीला सोडण्याची वेळ आली, की जिल्ह्यात संताप उसळतो. २००५ च्या कायद्याने समन्यायी वाटपाचे तत्त्व घातले आणि २०१६ साली मुंबई उच्च न्यायालयाने खाली पाणी सोडण्याचा आदेश कायम ठेवला. किती पाणी, कधी आणि वाटेत किती मुरते, याबद्दल भांडण असू शकते, आणि आपल्या शेतकऱ्याची अडचणही खरी आहे. पण खालच्या माणसालाही तहान लागते, हे नाकारून चालणार नाही.

मग शाळेतील मुलांना हे सारे सांगायचे का? त्यांच्या कोवळ्या उत्साहावर पाणी पडणार नाही का? आम्हांस तसे वाटत नाही. ‘शाश्वत विकास’ हा शब्द मुले तक्त्यावर मोठ्या अक्षरांत लिहितात. त्याचा अर्थ केवळ आपल्यानंतरही पुरेल असा नाही, तर आपल्याबरोबरच्यांनाही पुरेल असा आहे. हे मुलांना मोठ्यांपेक्षा लवकर कळते. डब्यातील पोळी वाटून खाण्याचा अनुभव त्यांना रोजचा असतो.

म्हणून पालकांना आणि शिक्षकांना आमची विनंती आहे. यंदा मुले प्रकल्प करतील तेव्हा त्यांच्या तक्त्यावर तीन ओळी वाढवायला सांगा. पाणी किती वाचले, त्यासाठी वीज आणि खत किती लागले, आणि ते पाणी कोणाला मिळाले? तिसरी ओळ भरण्यासाठी मुलांना प्रयोगशाळेतून उठून वस्तीवर जावे लागेल. कोणाच्या घरी नळ येतो, कोण हंडा घेऊन चालते, कोणाची विहीर फेब्रुवारीत आटते, हे विचारावे लागेल. कदाचित त्या ओळीत लिहायला काहीच सापडणार नाही. तरीही ती खोडू नका. ती जागा मुलांनी नव्हे, आपण भरायची आहे. ग्रामसभेत, पाणीवापर संस्थेत आणि आपल्या बांधावर.