रिपोर्टातला आकडा

बार्शीच्या कॅन्सर रुग्णालयात एका आईचा गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा बायोप्सी रिपोर्ट आला. ग्रेड ३. मुलाने तिथेच पिशवी उचलली. तिसऱ्या स्टेजला काय उरतं, गावी नेऊ, चार दिवस सुखाने काढेल, असं त्याच्या मनाने घेतलं. बाकावर बीडकडचं ऊसतोडीचं जोडपं होतं. त्या बाईलाही तोच कॅन्सर, ग्रेड १. नवऱ्याच्या जिवात जीव आला. “एकच आहे. हंगाम उरकून येऊ,” म्हणत तो डॉक्टरांना न भेटताच तिला घेऊन निघाला.

यात त्या दोघांचा काय दोष? कागद हाती देताना समजावणारं माणूस शेजारी लागतं.

डॉक्टरीणबाईंनी मुलाला अडवलं. “तण कुठल्या जातीचं ते ग्रेड सांगते. रानात कुठवर गेलंय ते स्टेज. हे दोन वेगळे आकडे.” गर्भाशयमुखाच्या नेहमीच्या, स्क्वॅमस प्रकारच्या कॅन्सरमध्ये नुसत्या ग्रेडवरून पुढचं फारसं सांगता येत नाही. गाठ केवढी, आजूबाजूला सरकली का, लसिकाग्रंथींत पोचली का, हे आधी पाहतात. २०१८च्या वर्गवारीत तर ओटीपोटातल्या ग्रंथींत रोग सापडला की स्टेज ३सी धरतात.

आईची गाठ दोन सेंटिमीटरहून लहान होती, गर्भाशयमुखापुरतीच. ग्रंथी स्वच्छ. स्टेज १बी१. वेळेवर उपचार झाले तर अशा शंभरातल्या नव्वदेक बायका पाच वर्षांनंतरही असतात.

मुलगा पिशवी ठेवून थेट एसटी स्टँडकडे पळाला. जोडपं गाडीत चढत होतं. “दादा, तो आकडा पसरण्याचा नाही. ताईंना एकदा डॉक्टरीणबाईंना दाखवा, मग जा.”

तपासणीत बाईचा रोग ओटीपोटाच्या भिंतीपर्यंत गेलेला निघाला. स्टेज ३बी. डॉक्टरीणबाईंनी काही लपवलं नाही. याच स्टेजच्या ८५० बायकांवर मुंबईच्या टाटा रुग्णालयाने केलेला अभ्यास २०१८मध्ये प्रसिद्ध झाला. नुसत्या रेडिएशनने पाच वर्षांनी शंभरात ४६ जणी राहिल्या, सोबत दर आठवड्याला सिस्प्लॅटिन हे कीमोचं औषध दिल्यावर ५४. “पण बाहेरचं आणि आतलं, सगळं रेडिएशन आठ आठवड्यांत संपायला हवं. मध्ये खाडा पडला की रोग उचल खातो.”

नवऱ्याने बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, “मला जगायचंय.” त्याने तिथूनच मुकादमाला फोन लावला. “आमचा कोयता यंदा बंद. उचल पुढच्या हंगामात फेडतो.”