रकान्याच्या तळाशी

आपल्याकडे जुन्या वर्तमानपत्राचे मोल रद्दीच्या काट्यावर ठरते. फडताळात अंथरलेला कागद बदलताना एखादी शिळी बातमी नजरेस पडते, इतकेच. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या (१८६१-६५) काळातील रिचमंड शहराची वर्तमानपत्रे आता संगणकावर वाचावयास मिळतात. ती वाचताना मात्र मन थबकते.

रिचमंड ही गुलामगिरी टिकविण्यासाठी फुटून निघालेल्या दक्षिणी राज्यांची राजधानी. २ एप्रिल १८६३ रोजी तेथील भुकेल्या स्त्रियांनी दुकाने फोडून अन्नधान्य लुटले. याविषयी मौन पाळण्याची विनंती सरकारने वर्तमानपत्रांना केली. दुसऱ्या दिवशी ‘रिचमंड डिस्पॅच’ने लेख छापला तो उत्तरेकडील लोकांच्या हालअपेष्टांवर!

अग्रलेख मुका झाला, तरी रकान्याच्या तळाशी जाहिराती बोलतच होत्या. सक्तीच्या सैन्यभरतीतून सुटण्यासाठी आपल्या जागी दुसरा माणूस धाडण्याची मुभा १८६३ च्या अखेरपर्यंत होती. पैसे घेऊन असा ‘बदली’ जाणारा हवा आहे, ही मागणी चार ओळींत मावत असे. शेजारीच पळून गेलेल्या गुलामाचे वर्णन: नाव, वय, अंगावरील व्रण, पकडून देणाऱ्यास बक्षीस. आणि पुष्कळदा एक पुस्ती: त्याची बायको अमुक गावी असते, तो तिकडे गेला असावा.

या पुस्तीपाशी मी अडखळलो. गुलामाचा विवाह कायद्याला मान्य नव्हता. पण तो बायकोच्या ओढीने कोणत्या वाटेला लागेल, हे मालकास पक्के ठाऊक होते. अजाणतेपणी घडलेल्या अपराधाचा दोष सौम्य मानण्याची नीतिशास्त्राची रीत आहे. येथे अजाणतेपण कोठे होते? ज्याला वस्तू म्हणून विकावयाचे, त्याला शोधावयाचे मात्र माणूस म्हणून! खिळे जुळविणाऱ्याने ती ओळ जुळविली, वाचकाने चहा घेता घेता वाचली असेल. त्यांच्या वाट्याला किती दोष येतो, हे मला अजून ठरविता आलेले नाही.

युद्ध संपले, गुलामगिरी गेली. १८७० च्या दशकाच्या अखेरीस न्यू ऑर्लिन्सच्या ‘साउथवेस्टर्न ख्रिश्चन अ‍ॅडव्होकेट’ या मेथडिस्ट पत्रात ‘हरवलेले सोबती’ अशा अर्थाचे एक सदर सुरू झाले. विक्रीत ताटातूट झालेली आई, भाऊ, लेकरे यांचा शोध त्यात घेतला जाई. दुसरी खूण नसल्याने जुन्या मालकाचेच नाव द्यावे लागे. ही पत्रे व्यासपीठावरून मोठ्याने वाचावीत, अशी धर्मगुरूंना विनंती असे. न जाणो, समोरच्या बाकावर कोणाची तरी आई बसलेली असेल.