हप्ता जातो, कर्ज हलत नाही

पगार झाला की घरकर्जाचा हप्ता खात्यातून वळता होतो. वर्षअखेरीला बँकेचा उतारा हाती येतो आणि धीर खचतो. एवढे पैसे भरले, तरी मुद्दल जवळपास तेवढंच कसं?

जरा आकडे पाहू. ३० लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के व्याज, २० वर्षांची मुदत. हप्ता साधारण २६,०३५ रुपये. पहिल्या महिन्यात त्यातले २१,२५० रुपये व्याजात जातात, मुद्दलातून वजा होतात फक्त ४,७८५. मुद्दलाचा वाटा व्याजाहून मोठा व्हायला जवळपास १२ वर्षं लागतात. म्हणजे तुमचं काही चुकत नाहीये. कर्जाच्या कागदांवर सही घेतानाच हे प्रत्येकाला समजावून सांगायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

उमेद टिकवायची तर उताऱ्यातल्या मुद्दलाच्या रकान्यावर नजर ठेवा. व्याजदर तोच असेल तर तो आकडा दर महिन्याला थोडा का होईना, वाढतोच. बोनस मिळाला, भिशी लागली, तर वर्षाकाठी एक जादा हप्ता मुद्दलात भरा. बदलत्या व्याजदराच्या घरकर्जावर वैयक्तिक कर्जदाराला त्यासाठी दंड लागत नाही. पहिल्या वर्षापासून एवढं जमलं तर मुदत तीन वर्षांहून जास्त घटते. मात्र ‘हप्ता तोच ठेवा, मुदत कमी करा’ असं बँकेला लेखी द्या. नवा तक्ता मागून घ्या आणि घरात सगळ्यांना दाखवा. शेवटच्या हप्त्याची तारीख अलीकडे आलेली मुलांनाही वाचता येते.