फोटो आत्याला दाखवा

जुन्या फोटोतली माणसं ओळखायची असली की आपण तो घरातल्या थोरल्या पुरुषापुढे धरतो. खुर्च्यांवर बसलेली रांग तो भराभर सांगतो. हे आजोबा, हे त्यांचे चुलते, हे कोंढाळीचे व्याही. बोट मागे उभ्या असलेल्या बायकांवर आलं की थांबतो. "असेल कोणी पाहुणी."

त्या पाहुणीचा पत्ता आत्याला ठाऊक असतो. ज्या लेकी लग्न होऊन काटोलला, आर्वीला, वरुडला गेल्या, त्यांनी माहेरचं घर मनात जसंच्या तसं धरून ठेवलेलं असतं. वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या कारंजाच्या घरी लग्नाचा एक फोटो आहे. त्यात खांबाआड उभी राहिलेली एक बाई आहे, चेहरा अर्धाच दिसतो. आत्याने चेहऱ्याकडे पाहिलंच नाही. चष्मा वर सरकवला, फोटो उजेडाकडे तिरपा केला आणि त्या बाईच्या मनगटावर नख टेकवलं. "हे तं आपल्या आजीची धाकटी बहीण होय. पाय ना, पाटल्या. कपाशी विकून दोघी बहिणींनी एकाच दिवशी केल्या होत्या." मग त्या बहिणीचं सासर, तिची न जगलेली लेकरं, तिच्या हातचं सांबारवडीचं सारण, सगळं ओळीने आलं. दोन पिढ्या जी नुसती सावली होती, तिला त्या दुपारी नातं मिळालं.

पुरुषांना हे आठवत नाही, यात त्यांचा दोष थोडाच. आपल्या नोंदीच तशा आहेत. घराण्याचे कागद शोधायची वेळ येते ती बहुतेकदा जात पडताळणीसाठी. इतर मागासवर्गीयांना 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा जोडावा लागतो. मग शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर, तहसीलमधलं कोतवाल बुक, वंशावळीचं प्रतिज्ञापत्र. त्यातून बाप, आजा, पणजा अशी सरळ रेघ निघते. कोतवाल बुकातल्या कित्येक जन्मनोंदींत बापाचं नाव असतं आणि पुढे नुसतं 'मुलगी'. आजीची बहीण या रेघेवर कुठेच बसत नाही. त्यात लग्नात नाव बदलायची रीत. माहेरी एक नाव, सासरी दुसरं. एकाच बाईला दोन घरं दोन नावांनी ओळखतात, आणि फोटो ज्या घरात उरला तिथे तिचं नाव माहीत असणारं कोणी उरत नाही.

कागद अगदीच निरुपयोगी आहेत असं नाही. आजीच्या मांडीवरचं मूल ओळखीचं निघालं, तर दाखल-खारीजमध्ये त्याची जन्मतारीख मिळते आणि फोटोचं साल एक-दोन वर्षांच्या आत येतं. फोटोच्या पाठीवर स्टुडिओचा शिक्का असला तर तोही वाचावा. आपल्या वर्धा जिल्ह्याने राज्यं बदलली आहेत. शिक्क्यात 'सी. पी.', म्हणजे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस, असेल तर तो बहुधा 1950 च्या आधीचा. 'मध्यप्रदेश' असेल तर 1950 ते 1956 मधला, 'मुंबई राज्य' असेल तर 1956 ते 1960 मधला, आणि महाराष्ट्र त्यानंतरचा. जुने शिक्के काही वर्षं तसेच चालत, एवढी सूट ठेवायची. कारंजा पूर्वी आर्वी तालुक्यात होतं, त्यामुळे पत्त्यात आर्वी दिसली म्हणून माणसं आर्वीचीच ठरत नाहीत. पांढऱ्या कडेची छोटी चौकोनी प्रत असली तर ती आगफा क्लिकसारख्या साध्या कॅमेऱ्याची असू शकते. साल हाती आलं की आत्याच्या आठवणीलाही टेकू मिळतो. त्या वर्षी कोणाचं लग्न व्हायचं होतं, कोणाच्या कपाळी कुंकू होतं, कोण बाळंतपणाला माहेरी आली होती, हे ती बरोबर लावते.

याच जिल्ह्यात, सेवाग्रामला, कनू गांधींनी बापूंचे फोटो काढले. फ्लॅश वापरायचा नाही, बापूंना उभं राहा, इकडे पाहा असं सांगायचं नाही, आश्रमाने पैसे द्यायचे नाहीत, या अटींवर. त्या फोटोंतले बापू जगात कोणीही ओळखेल. मागून चालणाऱ्या, कोपऱ्यात सूत कातणाऱ्या साध्या माणसांना ओळखायला मात्र त्यांच्याच घरचं कोणीतरी लागतं. आपल्या ट्रंकेतल्या फोटोंत तर सगळीच तशी माणसं आहेत. त्यांच्यासाठी दुसरं कोणी येणार नाही.

म्हणून या भाऊबीजेला आत्या येईल तेव्हा जेवणं झाली की ट्रंक उघडा. काचेला चिकटलेला फोटो सोलून काढू नका, काचेवरूनच मोबाइलने टिपा. मागे बॉलपेनने लिहू नका. शाई पुढे उमटते आणि दाबाचे वळ चेहऱ्यावर उठतात. मऊ शिसपेन्सिलीने, अलगद लिहा. नाव, माहेरचं नाव, कोणाची कोण, आणि हे कोणी सांगितलं तेही. काटोलची आत्या एक म्हणाली आणि आर्वीची दुसरं, तर दोन्ही लिहा. त्यांना थांबवून नेमकी तारीख विचारत बसू नका, त्या बोलत असतील तर बोलू द्या. मोबाइलवर आवाज टिपून घ्या. आणि पुढच्या वर्षी विचारू असं म्हणू नका, आत्याचं वय ऐंशीच्या पुढे आहे.