आजाऱ्याच्या मनाचे माप कोणी घ्यावे?

मनुष्याच्या मनाचे समाधान आकड्यांत मांडता येते काय? आणि येत असले तरी ते मांडणे योग्य आहे काय? कर्करोगाच्या रुग्णांना हल्ली पुष्कळ ठिकाणी एक छापील प्रश्नावली भरावयास देतात. ती पाहून मंडळीतील काहींना संकोच वाटतो. देवाने घडविलेल्या जिवाला शाळेतल्या मुलाप्रमाणे गुण द्यावयाचे, हे त्यांना रुचत नाही. हा आक्षेप पोकळ नाही. म्हणून त्याचा शांतपणे विचार करू या.

आम्हां भोपाळकरांना मोजणी नवी नाही. वायुदुर्घटना १९८४ च्या डिसेंबरात झाली, आणि १९८६ पासून येथील गांधी मेडिकल कॉलेजात शहरातील कर्करोगाच्या रुग्णांची नोंद होऊ लागली. कोणाला, कोणत्या अवयवाचा, कोणत्या वयात रोग झाला, हे अशा नोंदीवरून कळते. ते आवश्यकच आहे. परंतु जवाहर चौकातून उपचारासाठी ईदगाह हिल्सवरच्या कर्करोग रुग्णालयात जाणाऱ्या मनुष्याची रात्र कशी गेली, हे तिच्यात कोठून येणार?

रुग्णाची स्थिती मोजण्याचे एक जुने माप अमेरिकेतील डॉ. कार्नॉफस्की व त्यांचे सहकारी यांनी १९४८-४९ च्या सुमारास केले. चालतो किती, स्वतःचे स्वतः करतो किती, हे पाहून डॉक्टर शून्यापासून शंभरापर्यंत आकडा देत. आकडा रुग्णाचा, पण देणारा दुसरा! पुढे १९९३ मध्ये युरोपातील कर्करोग संशोधन संस्थेने ३० प्रश्नांची प्रश्नावली प्रसिद्ध केली. ती मराठीतही आहे. तिच्यात वेदना, झोप व भूक यांबरोबरच चिंता वाटते काय, उदास वाटते काय, आजारामुळे कुटुंबात व पैशाच्या बाबतीत अडचण आली काय, असेही विचारतात. शेवटी गेल्या आठवड्यातील आपले एकंदर जीवन कसे होते, हे रुग्णाने स्वतः एक ते सात यांपैकी आकडा निवडून सांगावयाचे असते.

म्हणजे येथे कोणी आजाऱ्याला गुण देत नाही. त्याला बोलावयास सांगितले जाते. याची गरज आहे. डॉक्टरांच्या नजरेतून थकवा व उदासी पुष्कळदा सुटते, तर नातलग रुग्णाची अवस्था बहुधा त्याच्या स्वतःच्या समजुतीपेक्षा अधिक वाईट समजतात. न्यूयॉर्कच्या एका कर्करोग रुग्णालयातील ७६६ रुग्णांच्या अभ्यासाचा निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांचा त्रास नियमितपणे विचारून परिचारिकांना कळविला जाई, ते इतरांपेक्षा सरासरीने सुमारे पाच महिने अधिक जगले. विचारणे हीसुद्धा सेवाच आहे. बेथेस्दा येथे ३८ वर्षे पडून असलेल्या मनुष्याची इच्छा प्रभूला ठाऊक नव्हती काय? तरी त्याने ती त्याला विचारली.

आमच्या घरांत मात्र काय होते? मुलगा कागद हाती घेतो आणि म्हणतो, “आईला काही त्रास नाही, मीच लिहितो.” कित्येकदा आईला रोगाचे नावही सांगितलेले नसते. हे प्रेमच आहे, यात शंका नाही. पण त्या प्रेमाने आईचा शब्द काढून घेतलेला असतो.

याहून कठीण गोष्ट मंडळीत घडते. आपण विचारतो, “कशा आहात, ताई?” आणि “प्रभूची कृपा आहे” हे उत्तर आधीच अपेक्षितो. मग ‘उदास वाटते काय?’ या प्रश्नापाशी त्या भगिनीचा हात थबकतो. ‘फार’ असे लिहिले तर माझा विश्वास उणा ठरेल काय, अशी तिला भीती वाटते. ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ मुकाट्याने बसले, तोवर ते खरे मित्र होते. त्याच्या दुःखाला आपल्या मताची फूटपट्टी लावली, तेव्हा ते चुकले. गेथशेमाने बागेत स्वतः प्रभूने आपल्या जिवाचे दुःख शिष्यांपासून लपविले नाही. मग दासांनी ते का लपवावे?

एक सावधगिरी मात्र हवी. आकडा कमी आला म्हणून जीवनाचे मोल कमी झाले, असे कोणी समजू नये. ताप मोजणारी काच मनुष्याची किंमत सांगत नाही, उपचाराची गरज सांगते. हा आकडाही तसाच मदतीची गरज सांगतो. मृत्यू, पश्चात्ताप व आशा यांविषयी काहींच्या मनात जे चालते, ते ३० प्रश्नांत मावणारही नाही. तेथे जवळ बसून ऐकणारा मनुष्य लागतो.

म्हणून यापुढे आजाऱ्याच्या भेटीस जाल तेव्हा प्रार्थनेपूर्वी त्याला विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा. ते कडू असले तरी लागलीच वचन सांगून झाकू नका. शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी मुलांनाही हे शिकवावे. आजारी आजीसाठी प्रार्थना करावयाची, तर ती कशासाठी करू, हे आधी आजीलाच विचारावे.